पीकविम्याच्या सूत्रात रेषा कोठे तुटते?

बीड - सोयाबीनचे अपेक्षित उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या ५१ टक्के भरले, तर शेतकऱ्याच्या हाती त्या वेळी एक रुपयाही पडत नसे. तेच ४९ टक्के भरले, तर हेक्टरी काही हजार रुपये अग्रिम मिळत असे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेतील 'मध्य हंगाम प्रतिकूल परिस्थिती' या तरतुदीचा हा हिशेब. ऑगस्ट २०२३ मध्ये पावसाने दीर्घ ओढ दिली, तेव्हा बीडसह राज्यातील अनेक जिल्ह्यांत याच तरतुदीवरून चर्चा झडल्या. दोन टक्क्यांच्या फरकाने एवढे अंतर का पडावे, या प्रश्नाचे उत्तर अकरावीच्या गणितात आहे. तेथे त्या प्रकरणाचे नाव 'सातत्य' असे असून, विज्ञान शाखेचे विद्यार्थी त्याला 'कंटिन्युइटी' म्हणतात. पूर्वी राज्य मंडळाच्या बारावीत असलेले हे प्रकरण २०१९ च्या अभ्यासक्रमात अकरावीच्या दुसऱ्या भागात आले.

फलन म्हणजे एक संख्या आत घालावी आणि नियमानुसार दुसरी संख्या बाहेर यावी, अशी व्यवस्था. उत्पादन आत गेले, भरपाई बाहेर आली. पेन न उचलता ज्याचा आलेख काढता येतो ते संतत फलन, असे शिकवणीच्या वर्गात सांगितले जाते. समजण्यास हे सोपे असले, तरी सिद्ध करण्यास निरुपयोगी आहे. कारण आलेख काढण्यासाठी तो तुटतो कोठे हे आधी ठाऊक असावे लागते. काटेकोर व्याख्येसाठी युरोपातील गणितज्ञांनाही एकोणिसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले. बोल्झानो यांनी १८१७ मध्ये आणि कोशी यांनी १८२१ मध्ये ती मांडली.

शालेय पातळीवर तिचे रूप तीन प्रश्नांचे आहे. त्या बिंदूवर फलनाला किंमत आहे काय? डावीकडून जवळ येताना आणि उजवीकडून जवळ येताना फलन एकाच संख्येकडे झुकते काय? आणि ती संख्या व प्रत्यक्ष किंमत एकच आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तरच फलन तेथे संतत. एक नकारही पुरेसा असतो.

आता पुन्हा शेताकडे. हिशेबाच्या सोयीसाठी उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आणि विमा संरक्षित रक्कम ५० हजार रुपये धरू. अपेक्षित उत्पादन उंबरठ्याच्या निम्म्याहून कमी असेल तरच अग्रिम, आणि तोही संभाव्य भरपाईच्या २५ टक्क्यांपर्यंत, असा नियम होता. म्हणजे तपासण्याचा बिंदू एकच, ५ क्विंटल. उत्पादन ५.१ क्विंटल असेल तर अग्रिम शून्य, ५.०१ असेल तरी शून्य. उजवीकडची सीमा शून्य ठरली. डावीकडून येताना चित्र वेगळे दिसते. ४.९ क्विंटलला घट ५१ टक्के, संभाव्य भरपाई २५ हजार ५०० रुपये आणि तिचा चौथा हिस्सा ६ हजार ३७५ रुपये. ४.९९ क्विंटलला तो ६ हजार २६२ रुपये ५० पैसे होतो. ५ च्या जितके जवळ जावे, तितकी रक्कम ६ हजार २५० रुपयांकडे सरकते. दोन्ही सीमा निरनिराळ्या, म्हणून फलन ५ पाशी असंतत. नेमक्या ५ क्विंटलला किंमत शून्य आहे. पण ती काहीही असती तरी ही फट बुजली नसती. या प्रकाराला उडी असे म्हणतात. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या प्रत्येक टप्प्याला असेच उडी मारते.

हंगामाअखेरची भरपाई मात्र निराळ्या नियमाने निघते. पीक कापणी प्रयोगांतून आलेले उत्पादन उंबरठ्यापेक्षा जितके टक्के कमी, तितके टक्के विमा रक्कम; कमी नसेल तर शून्य. येथेही नियम एका बिंदूवर, १० क्विंटलवर, बदलतो. पण ९.९ क्विंटलला भरपाई ५०० रुपये आणि ९.९९ ला ५० रुपये होते. डावी सीमा शून्य, उजवी शून्य आणि किंमतही शून्य. आलेखाला तेथे कोपरा येतो, पण रेषा तुटत नाही. अग्रिमाची रक्कम पुढे याच अंतिम भरपाईतून वळती होत असे. म्हणजे ती उडी एकूण रकमेत नव्हती, पैसा केव्हा मिळतो यात होती. ज्याला रब्बीचे बियाणे घ्यायचे आहे, त्याच्या लेखी हा फरक लहान नाही.

'बीड पॅटर्न' म्हणून गाजलेले ८०-११० चे सूत्रही याच कसोटीवर पाहता येते. बीडसाठी विमा कंपन्या पुढे येईनात, तेव्हा २०२० च्या खरिपात भारतीय कृषी विमा कंपनीमार्फत ते येथे राबविले गेले. २०२२ मध्ये ते राज्यभर आले. एकूण विमा हप्ता १०० धरला, तर भरपाई ११० च्या वर गेल्यास वरचा भार राज्य सरकारचा. भरपाई ८० च्या खाली राहिल्यास कंपनीने २० स्वतःकडे ठेवून उरलेले सरकारला परत करायचे. म्हणजे कंपनीच्या खिशातून ८० पर्यंतच्या भरपाईसाठी एकूण ८०, ८० ते ११० दरम्यान भरपाईइतकेच आणि त्यापुढे ११० जातात. तुकडे तीन, सांधे दोन. ८० पाशी दोन्ही बाजूंनी ८० च येते, ११० पाशी ११०. सूत्र सर्वत्र संतत आहे.

परीक्षार्थींना यातून एक युक्ती घेता येईल. सगळा आलेख चाचपण्याची गरज नसते. बहुपदी कोठेच तुटत नाही. म्हणून जेथे नियम बदलतो आणि जेथे छेद शून्य होतो, तेवढीच ठिकाणे तपासावीत. 'क्ष वर्ग वजा ९' ला 'क्ष वजा ३' ने भागले, तर ३ पाशी किंमतच नाही; पण दोन्ही सीमा ६ आहेत. तेथे ६ ही किंमत दिली की छिद्र बुजते. अग्रिमाच्या उडीवर असा उपाय चालत नाही. 'फलन संतत असल्यास क ची किंमत काढा' हा परीक्षेतील नेहमीचा प्रश्न म्हणजे सांध्यावरच्या दोन्ही सीमा समान मांडणे, एवढेच.

एक उडी मात्र सूत्रात दिसत नाही. प्रमुख पिकांसाठी विम्याचा घटक महसूल मंडळ असल्याने बांधाच्या अलीकडचे शेत एका मंडळात आणि पलीकडचे दुसऱ्यात असेल, तर पाऊस व पीक सारखे असूनही भरपाई वेगळी निघू शकते.

राज्य सरकारने २०२५ च्या खरिपापासून मध्य हंगामातील अग्रिमाची तरतूद वगळली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आधारली. सूत्रातील ती फट त्यामुळे नाहीशी झाली, आणि हंगाम सुरू असताना मिळणारा पैसाही.