नकाशावरची धूप, वावरातली रेघ

संपादकांना किनाऱ्याच्या धुपीवर लेख हवा होता. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 पासूनच्या उपग्रहचित्रांतल्या किनारारेषा एकमेकींवर ठेवून समुद्र कुठे आत सरकला ते दाखवलं आहे. नियोजनाला अशा नकाशांचा आधार मिळतो. मी यवतमाळ जिल्ह्यातलं घाटंजी मागून घेतलं. इथे समुद्र नाही, पण जमीन जातेच.

वाघाडी नदीकाठच्या या तालुक्यात कापूस आणि तूर. टेकडीकडची जमीन बरड, वीतभर मातीखाली मुरूम. उताराच्या दिशेने पेरलं की डवऱ्याचा प्रत्येक तास पाण्याची नाली होतो.

या मातीचे नकाशे नागपुरात तयार होतात. राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो 1976 पासूनचा. धुपीचं गणित मात्र अमेरिकेतून आलेलं: पावसाचा जोर, मातीचा स्वभाव, उताराची लांबी आणि चढ, वरचं पीक, केलेले उपाय, या सगळ्यांचा गुणाकार. उत्तर येतं हेक्टरी दरवर्षी किती टन.

पण वावरात टन दिसत नाहीत, तिथे समपातळीची रेघ लागते. ती काढणाऱ्या ए-फ्रेमपाशी मी रेंगाळलो. बांबूचे दोन पाय, मध्ये आडवी काठी, वरून सुतळीला लोंबणारा दगड. आधी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सुतळी आडकाठीला जिथे लागते तिथे खूण करायची. मग त्याच दोन बिंदूंवर पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे समतल. बांबू वाकडा असला, एक पाय आखूड असला, तरी चूक आपोआप कटते. मग पाय फिरवत, सुतळी मधल्या खुणेवर आणत पुढे जायचं आणि मागे फक्की टाकायची. वारा सुटला की दगड झुलतो. तो थांबेपर्यंत माणसाने थांबायचं.

अडचण पुढे आहे. समपातळीची रेघ गट नंबर ओळखत नाही. ती तीन धुरे, म्हणजे शेतांमधले बांध, ओलांडते, आणि वरच्या शेतकऱ्याने रेघेवर पट्टा सोडला तर माती वाचते खालच्याची. नकाशाचं प्रमाण ही दुसरी अडचण. 1:2,50,000 च्या नकाशावर 1 सेंटिमीटरमध्ये अडीच किलोमीटर मावतात. धुरा कुठला दिसायला? 1:10,000 वरही तो केसाएवढाच. तिसरी सगळ्यांत मोठी: तो गुणाकार पसरट धूप आणि बारीक ओघळी मोजतो, नाल्याचा तुटणारा काठ त्यात येतच नाही. आणि शेतकऱ्याचं खरं दुःख तो काठच.

काठ मोजला जातो तो गेल्यावर. जुलै 2023 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तशी झाली की ‘खरडून गेलेली जमीन’ म्हणून पंचनामे होतात. 2022 ते 2026 च्या केंद्रीय निकषांत नदीने पात्र बदलून जमीन नेली तर अल्प-अत्यल्प भूधारकाला हेक्टरी 47 हजार रुपये ठरवले होते. मदत वाटली की कागद फाईलला लागतो.

उपग्रहाला न दिसणारं नेमकं याच कागदांत असतं: गट नंबर, क्षेत्र, तारीख. दर पावसाळ्यानंतर हे पंचनामे गावनकाशावर चढवले, तर कुठला काठ वर्षामागून वर्ष सरकतो ते चार-पाच वर्षांत ग्रामसभेला कळेल, आणि गावाच्या आराखड्यातला पहिला बांध कुठे घालायचा हा वाद तरी पुराव्यावर होईल. त्यासाठी नवं यंत्र नको. महसूल आणि कृषी या दोन खात्यांनी एका टेबलाशी बसायला हवं. ए-फ्रेम शिकवायला दुपार पुरते. दोन खात्यांचं हे बसणं जमायला किती काळ लागेल, याची मला जास्त काळजी वाटते.