पुनरावर्तन सिद्धांत
पुनरावर्तन सिद्धांत : (जीवजनन नियम). व्यक्तीचा भ्रूणापासून होणारा विकास (व्यक्तिवृत्त) ही तिच्या जातीच्या क्रमविकासाची (जातिवृत्ताची) संक्षिप्त पुनरावृत्ती असते, असे प्रतिपादणारा सिद्धांत. एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञांनी तो १८६६ मध्ये मांडला. भ्रूण आपल्या पूर्वजांच्या प्रौढ अवस्थांमधून क्रमाने जातो, असे त्यांचे मत होते. या स्वरूपात सिद्धांत आता त्याज्य ठरला आहे.

त्याच्या पुष्ट्यर्थ बेडकाचे उदाहरण हमखास दिले जाई. मावळातील तिकोणा पेठेसारख्या गावी पावसाळ्यात भातखाचरांच्या पाण्यात बेडकांचे डिंभ (भैकेर) वाढतात. क्लोम (कल्ले) व चपटी शेपूट असलेला हा जीव माशासारखा दिसतो खरा. परंतु शैवल खरवडण्याची त्याची शृंगमय चोच मत्स्य पूर्वजाकडून आलेली नाही. ती डिंभाच्या स्वतःच्या राहणीशी जुळलेली आहे.

याहून बोलका पुरावा सह्याद्रीतच मिळतो. राओर्केस्टिस या प्रजातीतील (२०१० मध्ये प्रस्थापित) झुडपी बेडूक पाण्याबाहेर, ओलसर जमिनीत किंवा पानांवर अंडी घालतात. पोहणारा डिंभ त्यांच्यात नसतोच; अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर पडतो. महाराष्ट्रातील सह्याद्रीतून २०१३ मध्ये वर्णिलेली राओर्केस्टिस घाटेई ही जाती याच प्रजातीतील होय. या बेडकांचेही पूर्वज मत्स्यच, तरी ‘मत्स्यावस्था’ गळली. म्हणजे क्रमविकासात विकासाचे टप्पेही बदलतात, लोप पावतात. अशा अपवादांना हेकेल यांनी नंतर शिरलेले फेरफार मानले. पण प्रत्येक अपवाद असा सामावून घेतला, तर नियमाची परीक्षाच उरत नाही.

कार्ल एर्न्स्ट फोन बेअर यांचे १८२८ मधील प्रतिपादन अधिक टिकाऊ ठरले. समूहाची सामान्य लक्षणे विशेष लक्षणांआधी दिसतात आणि भ्रूणाचे साम्य इतर प्राण्यांच्या भ्रूणांशी असते, प्रौढांशी नव्हे, असे त्यांनी दाखविले. अर्थात हे साम्यही सरसकट नाही. हेकेल यांच्या प्रसिद्ध तुलनाचित्रांत ते वाढवून दाखविले होते. त्यांवर त्यांच्या हयातीतच आक्षेप घेतले गेले आणि १९९७ मध्ये मायकेल रिचर्डसन व सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष भ्रूणांशी तुलना करून हे दोष स्पष्ट केले.

मानवी भ्रूणात चौथ्या आठवड्याच्या सुमारास दिसणाऱ्या ग्रसनी-कोष्ठांना ‘कल्ले’ म्हणणे म्हणूनच चूक आहे. त्यांचा श्वसनासाठी कधीच उपयोग होत नाही. मध्यकर्णाची पोकळी, यौवनलोपी ग्रंथी (थायमस) व परावटू ग्रंथी त्यांपासून बनतात. माशांच्या भ्रूणातील तत्सम कोष्ठांपासून मात्र क्लोम-दरणे तयार होतात. सामाईक पूर्वजाचा पुरावा या सारख्या आरंभात आहे.