मुलींचं शिक्षण मोफत, मग पैसे कशाला?

‘बारावीपर्यंत मुलींना फी नाही, मग दरसाल पैसे कशाचे मागता?’ गरीब मुलींच्या शाळेसाठी देणगी मागणाऱ्याला हे हमखास ऐकावं लागतं. प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शुल्क माफ आहे. पण शुल्क माफ झालं म्हणून खर्च संपत नाही, आणि तो अंगावर येतो आठवीनंतर.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. दुपारची खिचडी आठवीपर्यंत. पाठ्यपुस्तकांचा मोफत संचही आठवीपर्यंतच. नववीत पाऊल टाकलं की पुस्तकं, वह्या, गणवेश, प्रयोगवह्या सगळं घरातून. त्यात जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत चौथीला, फार तर सातवी-आठवीला संपते. पुढची शाळा मोठ्या गावात. मुलीला एसटीचा मोफत पास मिळतो, पण शाळा पाचला सुटते आणि गाडी सातला असते, पावसाळ्यात तीही येईल याची खात्री नसते. पास खिशात असूनही मुलगी फाट्यावर उभी. अशा वाडीत वसतिगृहातली एक खाट किंवा एक सायकल म्हणजेच शिक्षण. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं.

‘त्यांच्या आईबापांनाच शिकवायचं नसतं’ हे दुसरं ठरलेलं वाक्य. मानसिकतेचा भाग आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पण बीडकडच्या ऊसतोड कुटुंबाचं गणित बघा. दिवाळीच्या सुमारास नवराबायकोचा कोयता कारखान्याच्या फडावर जातो तो उन्हाळ्यातच परततो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर नेली तर शाळा सुटली, मागे ठेवली तर आईच्या जिवाला घोर. लग्न लावून देणं हा त्यांना सुरक्षित मार्ग वाटतो. त्यांना भाषण नको, ते सहा महिने मुलीला सांभाळणारी विश्वासाची जागा हवी.

आता सगळ्यात चिवट समज : ‘माझा प्रत्येक रुपया मुलीलाच मिळाला पाहिजे, संस्थेच्या पगारावर नको.’ ऐकायला चोख, पण प्रत्यक्षात उलटं होतं. वडील गेलेल्या मुलीला राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधारशी जोडलेलं बँक खातं, आणि नावातली एक वेलांटी चुकली की पुन्हा तहसीलच्या चकरा. दर चकरेला आईचा रोज बुडतो. ही फाइल पुढे सरकवणारी कार्यकर्ती पगारीच लागते. तिच्या पगारात गेलेले पैसे मुलीला दप्तरापेक्षा जास्त देऊन जातात, असं माझं मत आहे. (दप्तराचा फोटो मात्र चांगला येतो.)

फोटोवरून आठवलं. ‘माझी’ मुलगी, तिचं आभाराचं पत्र, स्टेजवर बोलावून चेक. हे थांबवलेलं बरं. वर्गातल्या बाकीच्या मुलींना कोण ‘मदतीची’ आहे हे कळतं, आणि त्या वयात ते फार बोचतं.

‘हुशार मुलीलाच द्या, पैसे वाया जाऊ नयेत’ यातही गफलत आहे. हुशार मुलीसाठी वाटा आहेत. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पन्नास टक्क्यांवर अडखळणारी मुलगी कुठल्याच यादीत बसत नाही, आणि सगळ्यात आधी घरी बसते तीच. खासगी देणगीची खरी गरज तिला.

बाहेरच्या मदतीने काही फरक पडत नाही, हेही खरं नाही. अर्थतज्ज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांत, परक्या दात्यांच्या मदतीवर शिकलेल्यांचा माग काढला. २०१३ च्या त्यांच्या अहवालानुसार ही मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली. जादू नाही, पण नववी आणि दहावी यांच्यात तेवढंच अंतर असतं.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. पासपोर्ट भारतीय असेल तर बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल तर, ओसीआय कार्ड असलं तरी, परकीय देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच देता येते.

देणगी देण्याआधी संस्थेला दोनच आकडे विचारा : नववीत किती मुली घेतल्या आणि त्यातल्या किती दहावीच्या परीक्षेला बसल्या. उत्तर पटलं तर एका वर्षाचे नव्हे, दोन्ही वर्षांचे पैसे एकदमच कबूल करा.