स्कोडा की टोयोटा? आधी नंबरप्लेट वाचा

छत थेट मागच्या टोकापर्यंत गेलेलं, डिकी आणि मागची सीट यांच्यात पक्की भिंत नाही, अशी लांबोडी गाडी म्हणजे इस्टेट. टेल्कोने १९९२ मध्ये त्याच नावाची गाडी काढली होती, पण हा प्रकार आपल्याकडे रुजला नाही. ब्रिटनमध्ये मात्र कुत्रा, बाबागाडी, तंबू असा सगळा संसार तिच्यात मावतो. तिथल्या मराठी घरांत भर पडते ती हीथ्रोवर उतरलेल्या आईबाबांच्या बॅगांची.

सेकंडहँड बाजारात दोन गाड्यांमध्ये निवड करायची वेळ हमखास येते. एक स्कोडा ऑक्टेव्हिया इस्टेट डिझेल, दुसरी टोयोटा ऑरिस टूरिंग स्पोर्ट्स हायब्रिड. २०१३ नंतरच्या ऑक्टेव्हियाची डिकी ६१० लिटरची, ऑरिसची ५३०. बरेच जण इथेच निकाल लावून मोकळे होतात. ती घाई करू नये.

प्रश्न असा की तुमची गाडी रोज धावणार किती? डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला इंजिन बराच वेळ तापलेलं राहावं लागतं. शाळा, दुकान आणि घर एवढ्याच फेऱ्या असतील तर फिल्टर तुंबतो आणि बिल वाढतं. हायब्रिडला अशा फेऱ्याच मानवतात. शिवाय ऑरिसला क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, आणि टायमिंग बेल्टच्या जागी साखळी आहे. ऑक्टेव्हियाचा बेल्ट कधी बदलला, याची पावती मात्र मागावीच लागते. पण दर आठवड्याला मोटरवेवरून लांबचा पल्ला मारणाऱ्याने डिझेलला उगाच भिऊ नये.

लंडनकरांसाठी आणखी एक अट. २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सगळ्या बरोंमध्ये कमी-प्रदूषण क्षेत्र लागू आहे आणि युरो ६ या प्रदूषण-निकषात न बसणारी डिझेल गाडी बाहेर काढली की दिवसाला साडेबारा पौंड जातात. सप्टेंबर २०१५ पूर्वीच्या बऱ्याच डिझेल गाड्या त्यात अडकतात. स्वस्त ऑक्टेव्हिया स्वस्त का आहे, ते इथे कळतं.

आता खरी मौज. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी लागते, आणि नंबर टाकला की तिचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. पास-नापास वाचून थांबू नका. प्रत्येक तपासणीला मीटर किती होतं ते पाहा; आकडा मागे गेला असेल तर विषय तिथेच संपला. मग ‘लक्ष द्या’ म्हणून दिलेल्या सूचना वाचा. ब्रेकचे पॅड झिजलेत, ही एकच नोंद सलग दोन वर्षं दिसली, तर मालक फक्त पास होण्यापुरताच खर्च करतो हे समजावं. चकचकीत पॉलिशपेक्षा मला हा कागद जास्त बोलका वाटतो. कर्ज बाकी आहे का, अपघातात विम्याने गाडी मोडीत काढली होती का, हे मात्र तिथे कळत नाही; त्यासाठी थोडे पैसे मोजून वेगळी चौकशी करावी.

आणि बघायला जाण्याआधी विक्रेत्याला सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. डिझेलचं दुखणं थंड इंजिनातच ऐकू येतं. पोचल्यावर बॉनेट गरम लागलं, तर दुसरी वेळ मागून घ्या.