हादरा थांबल्यावरही धडधडणारं मन

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत जमीन पुन्हापुन्हा हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. धुंदलवाडी परिसरात माणसं थंडीत घराबाहेर झोपली. अशा दिवसांत दार आपटलं तरी मूल दचकतं, चिडतं, आईला सोडत नाही. हा हट्ट नव्हे. शरीर अजून धोक्याच्या पवित्र्यातच असतं.

इथे टॅबवरचा साधा कार्यक्रम कामाचा ठरू शकतो. पडद्यावर एक फुगा हळूहळू फुगतो, मूल श्वास घेतं. फुगा त्याहून सावकाश उतरतो, मूल श्वास सोडतं. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. मग चार चेहरे दिसतात: घाबरलेला, रागावलेला, रडवेला, शांत. मूल आपल्यासारखा चेहरा निवडतं. भावनेला नाव मिळालं की तिचा जोर थोडा ओसरतो.

पण नाव कोणत्या भाषेत? पहिलीतल्या वारली मुलाला ‘अस्वस्थता’ हा पुस्तकी शब्द काय सांगणार? म्हणून आवाज घरच्या बोलीतला हवा आणि कार्यक्रम इंटरनेटशिवाय चालायला हवा. याच डहाणूत, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. मुलाकडे आपण जायचं, हे त्यांना कळलं होतं.

टॅब दहा मिनिटं पुरे. नंतर वर्गातल्या बाईंनी शेजारी बसून विचारावं, “कुठला चेहरा निवडलास रे?” आणि उत्तराची घाई करू नये.