ज्वारीचं वॉफल, येसराचा रस्सा

भाकरी कुस्करून तिच्यावर गरम रस्सा ओतायचा, हे परभणीत कुणाला शिकवावं लागत नाही. अमेरिकेतलं 'चिकन अँड वॉफल्स' यापासून फार लांब नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 1938 मध्ये सुरू झालेल्या वेल्स सपर क्लबमुळे तळलेलं चिकन आणि गोड पाक हे त्याचं रूप गाजलं. पण पेनसिल्व्हेनियातली जर्मन वंशाची कुटुंबं त्याच्याही आधीपासून वॉफलवर शिजवलेल्या कोंबडीचा दाट रस्सा ओतून खात आली आहेत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या आपल्या गावाला हीच रीत शोभते. कोकणातले कोंबडी-वडे याच कुळातले.

वॉफल म्हणजे दोन खाचेदार गरम पत्र्यांच्या मध्ये दाबून भाजलेलं जाड धिरडं. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि रस्सा धरून ठेवायला वर चौकोनी खळगे. ते मैद्याचंच हवं असं काही नाही. ज्या गावात 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, 'परभणी मोती' आणि लोह-जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' असे ज्वारीचे वाण जिथे तयार झाले, तिथे ज्वारीचंच करून पाहावं.

अडचण एकच, ज्वारीत ग्लुटेन नसतं. भाकरी करणाऱ्या बायका हे वेगळ्या शब्दांत सांगतात: पिठाला विरी नसेल तर भाकरी चिरते. त्यावरचा उपाय त्यांच्याच हातात असतो, उकळतं पाणी. गरम पाण्यात पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लुटेनचं काम थोडंफार तो करतो. म्हणून दोन वाट्या ताज्या दळलेल्या पिठातलं अर्धी वाटी पीठ बाजूला काढा आणि त्यावर एक वाटी उकळतं पाणी ओतून भरभर घोटा. ही उकड कोमट झाली की तिच्यात उरलेलं पीठ, एक वाटी आंबटसर दही, दोन अंड्यांचा पिवळा बलक, तीन चमचे तेल, मीठ, जिरं, तीळ आणि वाटलेला लसूण घाला. लागेल तसं पाणी घालून इडलीच्या पिठाइतकं सैल करा आणि अर्धा तास झाकून ठेवा. ज्वारीचं पीठ पाणी सावकाश पितं. घाई केली तर वॉफल खाताना कचकच लागतं.

अंड्यांचा पांढरा भाग वेगळा फेसायचा. भांडं कलतं केलं तरी फेस हलू नये, इतका घट्ट. भाजायच्या अगदी आधी पाव चमचा खाण्याचा सोडा पिठात मिसळा आणि मग हा फेस हलक्या हाताने, वरखाली करत घाला. फेसातली हवा आणि दह्यामुळे सोड्यातून सुटणारा वायू, दोन्हींनी वॉफल हलकं होतं.

यंत्र पुरतं तापू द्या, पत्र्यांना तेलाचा हात फिरवा, डावभर पीठ घाला आणि झाकण लावा. आता वाफेकडे लक्ष ठेवा. आधी कडेने जोरात वाफ येते, मग ती विरळ होते, मग थांबते. वाफ येतेय तोवर आत पाणी आहे. पहिल्या वेळी मी तिसऱ्याच मिनिटाला झाकण उघडलं, तर वॉफल मधोमध फाटून अर्धं वर आणि अर्धं खाली चिकटलं. पाच-सहा मिनिटं धीर धरला की ते आपण होऊन सुटतं. काढल्यावर ताटात ठेवू नका, एकावर एक तर मुळीच रचू नका. स्वतःच्याच वाफेने ते मऊ पडतं. जाळीवर ठेवा.

रस्सा आपला नेहमीचा: भाजलेला कांदा, काळं होईपर्यंत भाजलेलं सुकं खोबरं, आलं-लसूण आणि काळा मसाला. दाटपणासाठी दोन चमचे येसर. भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाले दळून केलेलं हे मराठवाड्याचं पीठ पाण्यात कालवून घातलं की रस्सा वॉफलवर टिकतो, खाली वाहून जात नाही. कोंबडी तंगडीची घ्या. शिजल्यावर मांस हाडापासून सोडवून परत रश्श्यात टाका, कारण वॉफलच्या घासात हाड आलं की मजा जाते. तिखट मात्र नेहमीच्या निम्मं.

तिखट कमी का, याचं उत्तर वाइनमध्ये आहे. मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो, आणि रेड वाइनमधला तुरटपणा त्यात भर घालतो. म्हणून काळ्या मसाल्याबरोबर भारी रेड नको. नाशिककडची शेनिन ब्लाँ घ्या. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीने 2000 साली पहिली वाइन बाजारात आणली तेव्हापासून या द्राक्षाची पांढरी वाइन आपल्याकडे मिळते. किंचित गोडसर बाटली निवडा: गोडवा तिखटाला आवरतो, आंबटपणा तेलकटपणा कापतो. नाशिकची रोझे, म्हणजे गुलाबी वाइनही चालेल. परभणीच्या उन्हाळ्यात बाटली टेबलावर दहा मिनिटांत कोमट होते, तेव्हा बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत ती वीस मिनिटं बुडवा आणि पेल्यात थोडी थोडी ओता. राज्यात मद्य घ्यायला आणि प्यायला परवाना लागतो, तो आधी काढा. जो पीत नाही त्याला थंड ताक द्या; दुधातलं केसिन मिरचीचा जाळ वाइनपेक्षाही चांगला शमवतं.

वाढताना वॉफल गरम, रस्सा उकळता, वर कच्चा कांदा आणि कोथिंबीर. रस्सा स्वयंपाकघरात ओतून आणू नका. माणूस पानावर बसला की मगच ओता, आणि पहिला घास लगेच घ्यायला सांगा.