लाल टोपीवाला, निळा काटेवाला आणि तिसराच कोणीतरी!

मुलांनो,

माझ्या चौथीच्या वर्गात दोन जिवलग मित्र आहेत. एके दिवशी मधल्या सुट्टीत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. एक म्हणे, "प्लेस्टेशनच भारी!" दुसरा म्हणे, "हॅट्! एक्सबॉक्ससमोर ते काहीच नाही!" शेवटी दोघांनी कट्टी घेतली. चार दिवस डब्यातली चटणीसुद्धा एकमेकांना दिली नाही!

मी दोघांना जवळ बोलावलं आणि विचारलं, "बाळांनो, तुमच्या घरी यातलं कोणतं यंत्र आहे?" दोघेही गप्प! एकाने आपलं यंत्र पुण्याच्या मामाकडे पाहिलं होतं. दुसऱ्याने तर फक्त मोबाइलवरच्या व्हिडिओत. बघा म्हणजे! यंत्र कोणाचं, नफा कोणाचा आणि कट्टी कोणाची!

मग त्या दिवशी शेवटच्या तासाला मी वर्गाला एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते. गोष्ट अगदी खरी आहे.

पत्त्यांचा कारखाना

जपानमध्ये क्योतो नावाचं जुनं शहर आहे. तिथे १८८९ साली एका माणसाने पत्ते बनवायचा धंदा सुरू केला. आपल्याकडच्या राजा-राणीचे नव्हेत, तर फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते. त्या कंपनीचं नाव निन्टेन्डो. हो, तीच मारिओवाली!

पुढे निन्टेन्डो खेळणी आणि मग व्हिडिओ गेम बनवू लागली. १९८३ साली तिने जपानमध्ये टीव्हीला जोडायचं एक यंत्र आणलं. त्याच सुमाराला अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा पार बुडाला होता. कसेबसे, घाईघाईने बनवलेले खेळ बाजारात इतके आले, की लोक कंटाळले. अटारी या मोठ्या कंपनीकडे न खपलेल्या मालाचा ढीग साचला. तिने ट्रक भरभरून माल न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेला आणि खड्ड्यात पुरला! २०१४ साली तो खड्डा पुन्हा उकरला, तेव्हा आतून खरोखरच खेळ निघाले.

अशा वेळी, १९८५ साली, निन्टेन्डो अमेरिकेत उतरली. दुकानदार व्हिडिओ गेम म्हटलं की हात जोडत. म्हणून तिने यंत्राबरोबर एक छोटा रोबो दिला आणि ते खेळणं म्हणून विकलं. शिवाय नियम कडक केले. बाहेरच्या कंपनीने निन्टेन्डोसाठी वर्षाला पाचच खेळ काढायचे आणि तो खेळ दोन वर्षं दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर द्यायचा नाही. खेळ सुधारले, पण सगळ्या नाड्या निन्टेन्डोच्या हातात गेल्या.

तुमच्या आईबाबांना विचारा हं, लहानपणी टीव्हीला यंत्र जोडून, त्यात 'कॅसेट' खोचून मारिओ किंवा काँट्रा खेळलात का? आमच्या गल्लीत एकाच घरी ते होतं. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे आमची रांग लागायची. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची! भारतात घरोघरी दिसणारी अशी बहुतेक यंत्रं त्याच जपानी यंत्राची नक्कल होती. आम्हाला कुठे ठाऊक होतं!

सॉनिक धावत आला

निन्टेन्डोला टक्कर दिली ती सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने. तिचं नवं यंत्र १९८८ साली जपानमध्ये आणि १९८९ साली अमेरिकेत आलं. जपानमध्ये त्याचं नाव मेगा ड्राइव्ह, अमेरिकेत जेनेसिस. पण मारिओसमोर ते फिकं पडत होतं.

१९९० साली सेगाच्या अमेरिकेतल्या शाखेची सूत्रं टॉम कॅलिन्स्की यांच्याकडे आली. हे आधी खेळण्यांच्या कंपनीत होते. त्यांनी सांगितलं, "किंमत कमी करा. आणि आपला सर्वांत चांगला खेळ यंत्रासोबत फुकट द्या." जपानमधल्या मोठ्या साहेबांना हे पटलं नाही. पण त्यांनी कॅलिन्स्कींना अडवलंही नाही.

तो सर्वांत चांगला खेळ म्हणजे सॉनिक. १९९१ साली आलेला निळा हेजहॉग. हेजहॉग म्हणजे साळिंदरासारखे अंगावर काटे असलेला, पण हातात मावेल एवढा प्राणी. मारिओ उड्या मारत जायचा, तर सॉनिक सुसाट पळायचा!

त्याच वर्षी निन्टेन्डोनेही अमेरिकेत आपलं नवं यंत्र आणलं, सुपर निन्टेन्डो. आता सांगा, दोघांत भारी कोण? सेगाच्या यंत्राच्या मेंदूचे ठोके सेकंदाला सुमारे ७६ लाख पडत. निन्टेन्डोचे जास्तीत जास्त सुमारे ३६ लाख. मग सेगा जिंकली म्हणायची? थांबा! सेगाच्या रंगपेटीत ५१२ रंग होते, तर निन्टेन्डोच्या पेटीत ३२,७६८! म्हणजे एक पळण्यात हुशार, तर दुसरा चित्रकलेत. जाहिरातीत मात्र प्रत्येक जण आपली हुशारी तेवढी सांगत होता. सेगाच्या जाहिराती तर निन्टेन्डोचं नाव घेऊन तिची टिंगल करत.

झालं! अमेरिकेतल्या शाळांमध्येही मुलांचे दोन तट पडले. अगदी माझ्या वर्गासारखेच.

स्पर्धेचं बरं आणि वाईट

या स्पर्धेने मुलांचा फायदा झाला का? नक्कीच झाला. अमेरिकेत सेगाचं यंत्र १८९ डॉलरवरून १४९ डॉलरवर आलं. दोन्हीकडचे खेळ सुंदर झाले. बाहेरच्या कंपन्यांवरची निन्टेन्डोची पकडही सैल झाली.

पण तोटाही झाला. 'मॉर्टल कॉम्बॅट' नावाचा मारामारीचा एक खेळ सप्टेंबर १९९३ मध्ये दोन्ही यंत्रांवर आला. निन्टेन्डोने त्यातलं रक्त काढून टाकलं. सेगाने ते गुप्त बटणांच्या क्रमामागे ठेवलं. खप कोणाचा जास्त झाला? सेगाचा! पुढच्या वर्षी या खेळाचा दुसरा भाग आला, तेव्हा निन्टेन्डोनेही रक्त राहू दिलं. दुसऱ्यावर डोळा ठेवून पळताना आपली वाट सुटते, ती अशी.

मोडलेला शब्द

लोण्याच्या गोळ्यावरून भांडणारे दोन बोके आणि न्याय करायला आलेलं माकड, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. इथेही तिसरा आला. पण तो लबाड नव्हता, दुखावलेला होता.

सुपर निन्टेन्डोच्या आवाजाचा भाग सोनी कंपनीच्या केन कुतारागी या इंजिनिअरने तयार केला होता. पुढे निन्टेन्डो आणि सोनी मिळून सीडीवर चालणारं यंत्र करणार होत्या. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने तसं जाहीर केलं. आणि दुसऱ्याच दिवशी, त्याच प्रदर्शनात, निन्टेन्डोने सांगून टाकलं की आम्ही आता फिलिप्स कंपनीबरोबर काम करणार! सीडीवरच्या खेळांचा ताबा सोनीकडे जाईल, ही भीती त्यामागे होती. भीती खरी असेलही. पण चारचौघांत असा शब्द फिरवला, तर कोणाला राग येणार नाही?

सोनीने स्वतःचंच यंत्र बनवलं. डिसेंबर १९९४ मध्ये ते जपानमध्ये आलं. त्याचं नाव प्लेस्टेशन.

तीन शब्दांचं भाषण

इकडे सेगाचं काय चाललं होतं? घरातच दुमत! जपानचं ऑफिस एक म्हणे, अमेरिकेचं दुसरं. नोव्हेंबर १९९४ मध्ये सेगाने अमेरिकेत जुन्या यंत्रावर बसवायचा एक जोड विकायला काढला, १५९ डॉलरला. मुलांनी पैसे साठवून तो घेतला. आणि सहाच महिन्यांत सेगाने सॅटर्न हे संपूर्ण नवं यंत्र आणलं! लवकरच त्या जोडासाठी नवे खेळ येणं बंद झालं. ज्यांनी पैसे साठवले होते, त्या मुलांना काय वाटलं असेल?

मे १९९५ मध्ये लॉस एंजलिसच्या प्रदर्शनात सेगाने जाहीर केलं की सॅटर्न आजपासूनच मिळेल, किंमत ३९९ डॉलर. आधी सांगितलेली तारीख सप्टेंबरची होती. कित्येक दुकानांना माल मिळालाच नाही. ते चिडले. मग सोनीचा माणूस व्यासपीठावर आला. 'टू नाइन्टी नाइन', म्हणजे २९९, एवढंच त्याचं भाषण. टाळ्यांचा कडकडाट झाला!

पहिलं प्लेस्टेशन जगभरात दहा कोटींहून जास्त विकलं गेलं. सॅटर्न एक कोटीही नाही. जानेवारी २००१ मध्ये सेगाने यंत्रं बनवणं थांबवायचं जाहीर केलं. तिची यंत्रं वाईट होती का? मुळीच नाही. पण एकदा फसलेलं गिऱ्हाईक पुन्हा पैसे काढताना दहादा विचार करतं.

आणि मग?

यंत्रं गेली, पण सेगा खेळ बनवत राहिली. २००१ सालच्या डिसेंबरमध्ये सॉनिकचा खेळ निन्टेन्डोच्याच यंत्रावर आला! आणि २००७ साली तर मारिओ आणि सॉनिक एकाच खेळात, ऑलिंपिकच्या मैदानावर, शेजारी शेजारी उभे राहिले. ज्यांच्यावरून मुलांनी कट्टी घेतली होती, ते दोघे एकत्र खेळत होते!

हे ऐकून वर्ग खो-खो हसला. मग मी सांगितलं, की एक्सबॉक्स बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टचा 'सी ऑफ थीव्ज' हा खेळ २०२४ साली प्लेस्टेशनवरही आला. माझे दोन वीर एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी चटणी परत सुरू झाली. वाद मात्र अजून चालतो! चालू दे. वाद घालावा, पण हसत.

तुम्हीही एक करून बघा. कोणतीही जाहिरात पाहिली की वहीत तीन प्रश्न लिहा. यात काय सांगितलंय? काय सांगितलेलं नाही? आणि हे सांगून फायदा कोणाचा? उत्तरं घरच्यांना वाचून दाखवा.

पालकांसाठी दोन शब्द

'मॉर्टल कॉम्बॅट'च्या वादावरून डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली. त्यातूनच १९९४ साली तिथे व्हिडिओ गेमवर वयाचा शिक्का मारण्याची पद्धत सुरू झाली. आज मोबाइलवर खेळ उतरवून घेताना '३+', '१२+' असे आकडे दिसतात, ते याच कामाचे. मुलांच्या हातात खेळ देण्याआधी तो आकडा जरूर पाहा. आणि जमलं तर एक डाव त्यांच्यासोबत खेळा. हरलात तरी चालेल!